गुरुपुष्यावरची सही

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

रेडमंड, २६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. नीलास अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. काय काय आलं ते लिहिते, म्हणजे तुला ताडून बघता येईल. थालीपीठ भाजणी एक पिशवी, मेतकुटाची डबी, फुलवातींचे दोन पुडे, चैत्रालीसाठी हिरवा कुडता, आणि कापसात गुंडाळलेलं चांदीचं निरांजन. टपालखर्च एकवीस डॉलर चाळीस सेंट, खोक्यावरच छापलाय. मेतकूट इथे कोपऱ्यावरच्या दुकानात पाच डॉलरला मिळतं गं, ते टेक्सासहून विमानात बसवून पाठवायची गरज नव्हती. पण तुझ्या हातची चव वेगळी, म्हणून रागावत नाही.

निरांजनाची किंमत मात्र विचारायचं धाडस होत नाही, चांदीचा भाव रोज वाचते मी. सोबत तू चिठ्ठी ठेवलीस, 'वहिनींच्या मुहूर्ताला.' ती वाचून डोळे भरून आले. माझं काय त्यात? चैत्रालीने नोकरीच्या कागदावर सही केली त्या दिवशी गुरुपुष्यामृत होतं, कालनिर्णयात छापलेलंच होतं. तुझ्या लेकीचं नशीब तिचं. पण आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला बोटानं टाइप करणं जमत नाही, म्हणून आपलं हे पत्रांचं चाललंय. देवांग हसतो. म्हणतो, 'आई, स्टॅम्प अठ्ठ्याहत्तर सेंटचा झाला.' म्हटलं, तुझ्या कॉफीपेक्षा स्वस्त आहे.

काल गुरुवार, म्हणून चैत्राली आरतीला आली. ऑफिसातून दोघं एकाच गाडीने येतात, म्हणजे पेट्रोलही वाचतं. पण पोरगी गप्प होती. भाजणीचं थालीपीठ केलं होतं खास, एकच खाल्लं. मग मध्येच देवांगला विचारलं, 'दादा, तुझा बेस किती आहे?' बेस म्हणजे मूळ पगार. तो पाणी आणायला उठला. पाणी समोर होतं.

मी म्हटलं, जेवताना पगार विचारू नये, बाळा. तर म्हणते, 'मोठी आई, तू तर प्लंबरला पण विचारलंस.' ते खरं आहे. पण तो नळाखाली आडवा झोपला होता, जेवत नव्हता.

मला वाटतं काम फार पडत असावं. आता आठवड्यातून चार दिवस ऑफिसात यायलाच हवं असा फतवा निघालाय. तू तिला दूध-हळद घ्यायला सांग.

अतुलभावजींना नमस्कार.

तुझी,
सरलावहिनी

*

फ्रिस्को, २ ऑक्टोबर २०२५, दसरा

ती. सरलावहिनींस साष्टांग नमस्कार.

सोनं पाठवत नाही, आपट्याची पानं इथे मिळाली नाहीत, म्हणून मनाने घ्या.

काम नाही हो पडत तिला. मी मेसेज करून करून काढून घेतलं. तिच्याच टीममध्ये तिच्याच हुद्द्याची एक जागा भरायची आहे. तुमच्या राज्यात म्हणे जाहिरातीत पगार छापावाच लागतो, इतक्यापासून इतक्यापर्यंत. तर त्यातला खालचा आकडा हिच्या पगाराच्या वर आहे. म्हणजे उद्या जो नवखा येईल, ज्याला ही शिकवणार, तो पहिल्या दिवसापासून हिच्यापेक्षा जास्त घेणार.

मी आधी तिलाच रागावले. लिहिलं, मोठ्या आईने मुहूर्त बघून दिलेली नोकरी आहे, तिला नावं ठेवू नकोस. त्यावर तिने काय लिहावं? 'आई, नोकरीला नाही ठेवत. मला वाटतं मीच कमी आहे. त्यांना इंटरव्ह्यूमध्येच कळलं असेल.' वहिनी, ही आमची चैत्राली. तिसरीत असताना बाईंची चूक फळ्यावर जाऊन खोडली होती हिने. आता म्हणते, हे काम आपलं नाही, फ्रिस्कोला येते आणि दुसरं काही बघते. रात्री झोपत नाही असं तिची रूममेट सांगते.

मॅनेजर चांगली बाई आहे. ती म्हणाली, महिनाअखेरीला वर्षाचे पगार ठरतात, त्याआधी काही दाखवण्यासारखं असेल तर घेऊन ये. नुसती जाहिरात पुरत नाही, कारण 'तुझी सुरुवात वेगळी होती' असं वरचे म्हणतील. सोबत लागलेल्या माणसाची सुरुवात काय होती ते कळलं, तर बोलता येईल.

सोबत लागलेला म्हणजे आपला देवांगच की. पाच महिन्यांचं अंतर, हुद्दा तोच. तो तिला सांगत नाही, टाळतो. पण तुम्ही तर घरची पै न पै लिहून ठेवता. मला आकडा कळवा, मी तिला कानात सांगते. निदान तिला कळू दे की सगळ्यांची सुरुवात तीच होती.

तुमची,
नीला

*

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

रेडमंड, ८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. नीलास आशीर्वाद.

पत्र मिळालं. कोजागिरीला मसाला दूध केलं. चारोळी इतकी महाग झालीय की मोजून घातली. चंद्र काही दिसला नाही, इथे या दिवसांत आभाळ उघडतच नाही. ढगालाच नैवेद्य दाखवला.

तू विचारलंस त्याबद्दल. अगं, हल्लीच्या नोकऱ्यांत पगार हा एकच आकडा नसतो. मला तर समजूनच येत नाही. थोडा पगार, थोडे शेअर, ते चार वर्षांत थोडे थोडे हातात येतात. जिमचे पैसे देतात. मन बरं नसलं तर बोलायला डॉक्टर देतात. कुत्र्याचा विमा उतरवतात, आपल्याकडे कुत्रा नाही तरी यादीत आहे. फुकट खाऊ असायचा तो मात्र कमी केलाय, आता म्हणे केळी आणि बिस्किटं तेवढी. रजेची तर मोजदादच नाही. हवी तितकी घ्या म्हणतात. आणि देवांगने वर्षभरात किती घेतली असेल? नाशिकला असताना ह्यांना मोजून किरकोळ रजा मिळायच्या, त्या हे एकही वाया घालवत नसत. ज्याची मोजदाद नाही ते खर्चायला माणूस घाबरतो, असं माझं मत झालंय.

तर असं सगळं मिसळलेलं असतं. एकाची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही. शिवाय देवांगने मला बजावलंय की आकडा घराबाहेर जाता कामा नये, टीममध्ये अवघड होईल. मुलाने विश्वासाने सांगितलेलं मी कसं सांगू?

तिला म्हणावं, समाधान ठेव. नामस्मरण कर. दुधात जायफळ घाल म्हणजे झोप लागते.

सरलावहिनी

*

फ्रिस्को, १३ ऑक्टोबर २०२५

ती. सरलावहिनींस नमस्कार.

तुम्ही मला कुत्र्याच्या विम्याबद्दल पान भरून लिहिलंत.

आकडा नको. तुमच्या मुलाचा शब्द मोडू नका. एवढंच सांगा, जास्त आहे की तेवढाच आहे? तेवढाच असता तर तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलं असतं, हे मला कळतं हो. कान गेलेत, बाकी सगळं जागेवर आहे. पण तो जास्त हुशार निघाला असेल तर तसं लिहा. मी रागावणार नाही. तिला सांगेन, बाई, ये घरी.

ते राहू दे. दुसरं एक काम आहे. शेजारच्या प्रीताला नोकरीची ऑफर आलीय. तिच्या आईला मी आपल्या चैत्रालीचं सांगितलं होतं, गुरुपुष्यावर सही केली आणि कसं सगळं सुरळीत झालं. आमच्या भिशीत सगळ्यांना ठाऊक आहे ते. तर ती माझ्यामागे लागलीय, की तुमच्या जाऊबाईंना विचारा. धनत्रयोदशी शनिवारी आहे, त्या दिवशी सही केलेली चालेल का? कंपनीने मुदत दिलीय महिनाअखेरपर्यंत, पण तुमचा शब्द आला की ती पोरगी दुसऱ्या मिनिटाला सही करेल. पत्राला उशीर होईल, देवांगकडून एका ओळीचा मेसेज करवलात तरी चालेल.

नीला

*

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

रेडमंड, २४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. नीलास,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. पत्र संपल्यावर तूच ठरव घ्यायचे की नाही.

शुक्रवारी देवांगकडून तुला एका ओळीचा मेसेज करवला, 'प्रीताला सही करू देऊ नका, आईचं पत्र येतंय.' त्यावर तुझं आलं, 'का?' त्या 'का'चं हे उत्तर आहे. आठवडा लागला. दिवाळीच्या गडबडीचं कारण सांगू शकते, पण चकल्या तर तीन दिवसांत झाल्या होत्या.

तुला तो गुरुवार ठाऊक आहे तो मी सांगितला तसा. चैत्रालीचं कॉलेज संपत आलं होतं, इंटरव्ह्यूसाठी ती आमच्याकडे उतरली होती. ऑफर आली. मी कागद छापायला लावला, हळदकुंकू वाहिलं, दत्तापुढे ठेवला आणि सूर्यास्ताच्या आत सही करवून घेतली. हे मी तुला कौतुकाने लिहिलं होतं. जे लिहिलं नव्हतं ते असं की ती म्हणाली होती, 'मोठी आई, त्यांनी एक वीक दिलाय. मैत्रिणी म्हणतात, थोडं जास्त मागायचं असतं.' आणि मी म्हटलं, 'दारात आलेल्या लक्ष्मीशी घासाघीस करू नये.' कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन दुकानं फिरणारी बाई मी. देवांग तिथेच उभा होता. त्याने तोंड उघडलं तर मी त्याला गप्प केलं, शुभ वेळी मध्ये बोलू नकोस म्हणून. तो गप्प बसला. आईचं ऐकणारा मुलगा आहे, याचा मला अभिमान होता.

आता त्याचं ऐक. त्याची ऑफर आली होती त्याआधीच्या पितृपंधरवड्यात. मी म्हटलं, या दिवसांत नव्या कामाला हात लावायचा नाही. सर्वपित्री होऊ दे, घटस्थापनेला सही कर. तो चिडला, पण थांबला. कंपनीला काय लिहायचं हे त्याला सुचेना, पितरांचं इंग्रजीत कसं सांगणार? म्हणून त्याने काहीच लिहिलं नाही. फोन आला की म्हणायचा, अजून विचार चाललाय. नीला, त्यांना वाटलं हा घासाघीस करतोय. पहिल्या आठवड्यात त्यांनी पगार वाढवला. हा तरी गप्पच. मग परत वाढवला आणि वर रुजू होण्याचा बोनस दिला. पुढे त्याच्या मॅनेजरने चेष्टेत सांगितलं, तुझ्यासारखा कसलेला सौदा करणारा पाहिला नाही. घरी येऊन आम्ही किती हसलो. मी पितरांची कृपा म्हणून कावळ्याला जास्तीचा घास ठेवला. इथे कावळेही भरपूर आहेत.

आता जे सांगते ते तुझ्यापासून लपवलं. त्याला आलेला पहिला आकडा आणि चैत्रालीला आलेला आकडा एकच होता. डॉलरचाही फरक नव्हता. तो जास्त हुशार नाही. ती कमी नाही. दोघांत फरक आहे तो एका पंधरवड्याच्या गप्प बसण्याचा, आणि तो पंधरवडा मी दिला. एकाला थांबवलं मी आणि एकीला घाई केली मी, आणि दोन्ही वेळा देवाचं नाव घेतलं.

हे मला कधी कळलं म्हणशील? तुझं दसऱ्याचं पत्र आलं त्याच दिवशी. देवांगला विचारलं, तिचा पगार वाढला असेल ना रे मधल्या काळात? तर म्हणाला, नाही, इथे सुरुवात जिथे होते तिथूनच टक्के लागतात, मागे राहिलेला मागेच राहतो. म्हणजे कळूनही मी तुला कुत्र्याचा विमा लिहिला.

त्याचं कारण देवांगला दिलेला शब्द नव्हे. ते कारण लिहायला मला सगळ्यात जड जातंय. फरक किती ते कळलं तेव्हा पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. माझा मुलगा पुढे आहे, असं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं. नंतर तुझ्या निरांजनाकडे नजर गेली आणि उठून ते कपाटात ठेवलं. समोर नको म्हणून. आणि मग देवांगच्या शब्दाचं पांघरूण घेतलं. तुझ्या लेकीला नामस्मरण करायला सांगितलं मी. तिची झोप उडवून वर जायफळ सांगितलं.

प्रीताचं तू लिहिलंस तेव्हा मात्र बसवेना. माझ्या नावाने फ्रिस्कोच्या पोरी सह्या करणार. देवांगला म्हटलं, तू तिला सांग. म्हणाला, 'आई, ती माझ्याशी बोलायची नाही परत. त्या दिवशी मी गप्प बसलो हे तिला आठवत असणार.' म्हणजे तोही लाजेनेच टाळत होता. घरात दोन माणसं एकाच लाजेने दोन खोल्यांत बसलेली.

काल भाऊबीज. चैत्राली आली, तो हिरवा कुडता घालून. बारीक झालीय. पाटावर देवांग बसला, तिने ओवाळलं. त्याने दरवर्षीचं पाकीट ताटात टाकलं. तिने ते उचललं आणि त्याच्या मांडीवर परत ठेवलं. ताट तसंच धरून उभी राहिली.

'दादा, पाकीट नको. आकडा टाक.'

तो पाकिटाच्या कडा सरळ करत बसला. निरांजनातली वात तडतडायला लागली. हे आपलं जुनं पितळी हं, तुझं नव्हे. ती म्हणाली, 'विचारणं लीगल आहे. सांगणं पण. आणि नसेल सांगायचं तर तसं सांग, मी पुढच्या महिन्यात जातेय आईकडे.'

तेव्हा मी बोलले. भाऊबहिणीच्या ओवाळणीत मध्ये बोलू नये, पण पूर्वी चुकीच्या वेळी गप्प केलं होतं, आता चुकीच्या वेळी बोलले. म्हटलं, 'बाळा, तुझा आणि त्याचा पहिला आकडा एकच होता. बाकीचा माझ्या पंचांगाने घातला.' आणि तुला वर लिहिलं ते सगळं तिला सांगितलं. पितृपंधरवडा, त्याचं गप्प बसणं, सगळं. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून ताटातल्या सुपारीकडे बघत सांगितलं.

मग देवांगने आकडा सांगितला. बोनससकट. तो मी इथे लिहीत नाही. त्याने तिच्या ताटात टाकलाय, माझ्या पत्रात नव्हे, ती सांगेल तुला. फरक तीस हजारांच्या वर आहे एवढं सांगते. वर्षाला. आणि म्हणाला, 'सोमवारी मॅनेजरकडे मी येतो बरोबर. माझी सगळी ऑफर लेटर्स घेऊन.'

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ताट खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, 'मग मी कमी नव्हते?' दोनदा विचारलं. देवांग म्हणाला, 'यार चैत्राली, तू आल्यावर सहा महिने माझा कोड तूच नीट करून देत होतीस.' तशी ती रडली. देवांगही. मी स्वयंपाकघरात गेले. तिथे रडायला मला अधिकार आहे असं वाटेना, म्हणून श्रीखंड वाटीत काढत बसले.

जेवली. पुऱ्या मागून घेतल्या. निघताना बूट घालता घालता म्हणाली, 'मोठी आई, माझ्यासाठी तू चांगला दिवस शोधलास. दादासाठी वाईट दिवस टाळलेस. वाईट दिवसच कामी आले की गं.' मग दारातून वळून, 'सोमवारी राहुकाळ किती वाजता असतो? तेव्हाच जाते मॅनेजरकडे.' हसली. पण ते हसणं पूर्वीचं नव्हतं. पाया पडायची विसरली. की विसरली नाही, मला कळलं नाही. विचारायला मला तोंड राहिलेलं नाही.

कंपनी सोमवारी काय करेल ते माहीत नाही. देवांग म्हणतो, पुढचा पगार सुधारतील बहुतेक. मागचा दीड वर्षाचा देणार नाहीत. तो गेला. आणि तिची झोप गेली ती तर कुठल्याच टक्क्यात बसत नाही.

मी मॅट्रिक झालेली बाई. पंचांग खोटं आहे असं मी म्हणणार नाही, आज सकाळीही पूजा केली. पण देवाने दिवस दिले, पगार नाही ठरवले. ते माणसं ठरवतात, आणि माणसांशी बोलावं लागतं, एवढं मला कळायला हवं होतं. मी घरात सगळ्यांना सगळं विचारणारी, आणि तिला एक प्रश्न विचारू दिला नाही.

प्रीताला म्हणावं, थांब. धनत्रयोदशी गेली ते बरंच झालं. मुदत दिलीय ती वापर, चार जणींना पगार विचार, मग त्यांना विचार. तिच्या आईने माझं नाव काढलं तर खरं काय ते सांग, भिशीत सगळ्यांना सांग. चैत्रालीच्या नशिबाची गोष्ट जितक्या जणींना सांगितलीस तितक्या जणींना. मला वाईट वाटेल. वाटू दे.

तुझं निरांजन अजून लावलेलं नाही. कपाटातून काढून देवघराच्या कोपऱ्यात ठेवलंय, वात न घालता. ते माझ्या मुहूर्ताला म्हणून आलं होतं, आणि तो मुहूर्त तर तुझ्या लेकीला एवढा महाग पडला. परत पाठवायचं म्हटलं तर खोकं जपून ठेवलंय. ठेवावं की पाठवावं, हे या खेपेला मी ठरवत नाही. चैत्रालीला विचार, मग तू ठरव, आणि जे ठरेल ते मला उलट टपाली कळव.

सरला